गॅलरीतलं लोखंड

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मु. शिकागो, अमेरिका
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

चि. ज्योतिबा यास,
नाथाजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सर्व खुशाल. तिकडची खुशाली मला तुझ्या आक्काच्या तोंडून कळते. तू माझ्याशी बोलत नाहीस, मी तुझ्याशी बोलत नाही, त्यामुळं तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात जाऊन बोलते आणि मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतो. एकोणीस वर्षं आपलं असंच चाललंय. आमच्या तासगावच्या घरात मधली भिंत विटांची होती. इथं जावयाच्या घरातली पुठ्ठ्याची आहे, त्यामुळं ऐकू मात्र चांगलं येतं.

परवा तुझा निरोप कळला. तुझा शिवतेज वडूजात घर बांधतोय, दसऱ्याला पायाभरणी आहे, आणि पायातला पहिला दगड मी ठेवावा असं त्याच्या सासऱ्यांचं, भाऊसोंचं, म्हणणं आहे. "नाथाजीरावांच्या हाताला यश हाय, त्येंनी दगड ठेवल्यालं घर आजवर हललं न्हाई," असं ते म्हणाले म्हणे. इथपर्यंत ठीक. पण पुढं तू आक्काला म्हणालास, "दाजींनाच ठिवू दे. माझा हात नको लागाया पोराच्या घराला."

हे वाक्य तिनं मला दोनदा सांगितलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याचं उत्तर या पत्रात देणार आहे. पण आधी इथली हकीकत ऐक, कारण काल आम्हाला बोटीत बसवून शहर दाखवायला नेलं होतं.

आधी यांच्या घरांचं सांगतो. आमच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं, घर बाहेरून झकास दिसतं. मी आल्या आल्या भिंतीवर टिचकी मारली. गवंड्याची खोड, जाणार कुठं? भिंत खोक्यासारखी वाजली. आत लाकडाच्या पट्ट्या, वरून पुठ्ठा, पुठ्ठ्याला रंग. गेल्या महिन्यात सिद्धनाथाचा फोटो लावावा म्हणून खिळा ठोकायला गेलो तर हातोड्यासकट मूठ आत गेली. जावईबापूंनी, पृथ्वीराजांनी, भोकावर एक कॅलेंडर लावलं. ज्या घराची भिंत देवाचा फोटो पेलत नाही त्या घरासाठी हा माणूस तीस वर्षं हप्ते भरणार आहे. आपल्याकडं कोंबड्यांचं खुराडं याहून मजबूत असतं.

मी हे बोलून दाखवलं की प्रियदर्शनी म्हणते, "आबा, तुम्हाला खरं आर्किटेक्चर दाखवते, मग बोला." म्हणून काल शनिवारी ती बोट.

तर या गावाच्या मधून एक नदी जाते. नदी म्हणायचं आपलं. कृष्णा पाहिलेल्या माणसाला हिला नदी म्हणायला लावू नये. दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती, ना घाट, ना वाळवंट, ना कुणी धुणं धुतंय, ना म्हैस डुंबतेय. पाणी शेवाळी हिरवं. त्यात बोटी, आणि बोटींत दाटीवाटीनं खुर्च्या. लोक तिकीट काढून बसतात आणि दीड तास दुसऱ्यांच्या इमारती खालून बघतात. आपल्या गावात कुणी परक्याच्या घराकडं एवढा वेळ मान वर करून बघत बसला तर त्याला बोलावून विचारतील, काय रं, कुणाकडं आलास?

माईक एका म्हाताऱ्या बाईकडं होता. माझ्याच वयाची, अडुसष्टच्या पुढची, डोक्याला टोपी. हे काम ती बिनपगारी करते, हौस म्हणून. बाई बोलायला पटाईत होती हे मान्य करतो. तिचं बोलणं प्रियदर्शनी आमच्या कानात मराठीत सांगत होती.

सुरुवात काचेपासून. काचेवर काच, तिच्यावर काच. एक इमारत दुसरीत आपलं तोंड बघते, दुसरी तिसरीत. भिंत अशी नाहीच. कोनाडा नाही, देवळी नाही, उंबरा नाही, बसायला ओटा नाही. माणसाला बाहेर यावंसं वाटलं तर यायचं कुठं? काच पुसायला माणसं दोराला लोंबकळत होती. तुझी आक्का म्हणाली, "बांदाय परास पुसायचंच काम लय दिसतंय." ती सरळ मनानं बोलली, पण यांच्या सगळ्या शास्त्राला एवढं एकच वाक्य पुरेसं आहे.

पुढं एक इमारत आली, बुडाला बारीक आणि वर रुंद. शेजारून रेल्वेचे रूळ जातात, खाली जागा नव्हती, म्हणून वर पसरली. वाऱ्यानं डुलू नये म्हणून तिच्या माथ्यावर पाण्याच्या मोठाल्या टाक्या केल्यात. ज्योतिबा, तुमच्या खटाव-माणात प्यायला टँकरची वाट बघायची आणि इथं इमारत डुलते म्हणून पाणी माथ्यावर चढवायचं! जागा नव्हती तर बांधायची नाही. पण नाही. यांना अक्कल दाखवायची असते.

आणि प्रत्येक इमारतीला बाई नाव घ्यायची. ही अमक्यानं बांधली, ती तमक्यानं बांधली. मी प्रियदर्शनीला म्हटलं, "त्येनं कागदावर काढली. बांधली कुणी, ते इच्यार." ती म्हणाली, "आबा, असं नसतं विचारायचं." मी म्हटलं, "न्हाई विचारलंस तर मी हात वर करतो." मग बिचारीनं विचारलं. त्या म्हातारीनं टोपी मागं सारली आणि म्हणाली, मजुरांची नावं कुणी फारशी जपून ठेवली नाहीत, हे चुकलंच.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आख्ख्या बोटीत मीच एकटा शहाणा असल्यासारखा मागं रेलून बसलो. तुझ्या आक्काला, मंगलला, म्हटलं, "बघ. गवंड्याचं नाव पुसत्यात आन् कागदवाल्याचं ठिवत्यात. ही ह्यांची जात."

मग त्यांच्या नदीची गोष्ट. शंभरावर वर्षांपूर्वी या नदीत सगळी घाण, आणि ती जाऊन मिळायची प्यायच्या पाण्याच्या तळ्याला. म्हणून या लोकांनी कालवा खणून नदीच उलटी फिरवली. घाण खालच्या गावांकडं सोडली आणि मोकळे झाले. बाई हे छाती फुगवून सांगत होती. मी म्हटलं, ह्यात फुगायचं काय? आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायची याला आपल्याकडं इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

हे वाक्य मी मोठ्यानं म्हणालो. लिहिल्यावर आत्ता पुन्हा दोनदा वाचलं. असो. पुढं लिहितो.

पुढं आगीची गोष्ट. दीडशे वर्षांपूर्वी हे गाव जळालं. सगळं लाकडाचं होतं, अजून शहाणपण आलेलं नाही. तर आग कशी लागली म्हणे, एका गरीब बाईच्या गोठ्यात गाईनं कंदील लाथाडला. पेपरात छापून आलं, लोकांनी मानलं, गाणी केली. मी पोट धरून हसलो. एवढं मोठं गाव, आणि शेवटी आळ कुणावर, तर गाईवर! पण गोष्ट तिथं संपली नव्हती. आग त्या बाईमुळं लागल्याचा कसलाच पुरावा नव्हता. लिहिणाऱ्यानंच पुढं कबूल केलं की गाईची गोष्ट रचलेली होती. ती बाई मात्र उरलेला जन्म तोंड लपवून जगली. आणि पुढं, आगीला सव्वाशे वर्षं उलटल्यावर, इथल्या नगरपालिकेनं रीतसर ठराव केला, की त्या बाईचा आणि गाईचा काही दोष नव्हता.

बोटीतले लोक हसले, टाळ्या वाजवल्या. तुझी आक्का हसली नाही. ती म्हणाली, "मेल्यावर ठराव करून काय त्या बाईला? जित्यापणी एकानं बी म्हनलं असतं, हिचं काय न्हाई, तर ती बाजाराला तरी गेली असती."

मी पाण्याकडं बघत बसलो.

तेवढ्यात त्या दोन इमारती आल्या. मक्याची कणसं उभी करावीत तशा दोन गोल, साठ-साठ मजल्यांच्या. खालच्या मजल्यांवर गाड्या लावलेल्या, आणि वर, ज्योतिबा, वर नुसत्या गॅलऱ्या. गोल, अर्धचंद्रासारख्या, प्रत्येक घराला. खांब नाही, टेकू नाही, खाली पाणी, आणि हवेत बाहेर आलेल्या शेकड्यांनी गॅलऱ्या. कुणी त्यात खुर्ची टाकून बसलेलं, कुणी कुंड्या ठेवलेल्या. एक म्हातारी कठड्याला रेलून आमच्या बोटीकडं हात हलवत होती.

तुझी आक्का वर बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आवं, ज्योतिबाला हे दावाय पायजे हुतं. इतक्या गॅलऱ्या हायत, एक बी पडली न्हाई. माझ्या भावाच्याच हातात काय वंगाळ हुतं कुणास ठावं."

पुढच्या अर्ध्या तासात काय दाखवलं ते मला सांगता येणार नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण हे पत्र तुझ्या एकट्यासाठी नाही. शिवतेजनं वाचावं, भाऊसोंनी वाचावं, आणि तात्याबांच्या दारात मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

दोन हजार पाच साली वडूजात सुभेदार तात्याबांच्या घराचं काम मी घेतलं होतं. तू माझा मेहुणा, माझ्या हाताखाली. पण तू त्याआधी सहा वर्षं पुण्याला मोठ्या साइटवर लोखंड बांधलेलं होतंस. अकरा मजल्यांच्या इमारतींचं. मी दगड-विटांचा गवंडी. स्लॅबचं काम मी दुसऱ्यांचं बघून शिकलो, कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. पहिल्या मजल्यावर पुढं चार फूट गॅलरी काढायची होती. स्लॅबच्या आदल्या दिवशी तू गॅलरीची सळई बांधलीस ती वरच्या अंगाला, खाली दगडाचे तुकडे लावून उचलून.

सकाळी मी आलो आणि बघितलं. "हे रं काय? लोखंड वर का?"

तू म्हणालास, "दाजी, गॅलरीला लोखंड वरच लागतं. ती एका अंगानं धरल्याली असती, म्होरं वाकाय लागली की ताण वरच्या अंगाला येतो."

पंचवीस बिगारी उभे होते. मिक्सर सुरू झाला होता. मी म्हणालो, "वजन खाली जातंय, मग लोखंड खाली पायजे. वर काय गुढी उभारायची हाय? पुण्याचं शाणपण पुण्यात." सगळे हसले. आणि मी त्या जाळीवर चढलो आणि पायानं दाबून सगळी सळई खाली बसवली. तुझे लावलेले दगड एक एक करून काढून खाली फेकले. तू बघत उभा होतास. तुझ्या बहिणीचा नवरा मी. चारचौघांत माझा शब्द तू कसा मोडणार होतास?

अठराव्या दिवशी मी तुला म्हणालो, टेकू काढ. तू काढलेस.

स्लॅबनंतर तीन महिन्यांनी वास्तुशांत झाली. जेवणं उठली, वाजंत्री वाजत होती, ती बघायला तात्याबांच्या आई, अंबूबाई, गॅलरीत गेल्या. स्वतःच्या घराच्या गॅलरीत पहिल्यांदा. मागून दोन सुना निघाल्या होत्या त्या दारातच होत्या म्हणून वाचल्या. गॅलरी भिंतीपाशी वरून फाटली आणि दरवाजा उघडावा तशी खाली लोंबली. अंबूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा त्या साठीच्या आतल्या होत्या. त्यानंतर त्या आधाराशिवाय चालल्या नाहीत.

मी पहिला वर धावलो ते काय बघायला, माहीत आहे? लोखंड. ते फाटलेल्या कडेला अगदी खालच्या अंगाला उघडं पडलं होतं. वरच्या अंगाला एकही सळई नव्हती. तू म्हणाला होतास तिथंच फाटली होती, बोटभर इकडंतिकडं नाही. लोक अंबूबाईंना गाडीत घालत होते आणि मी बिगाऱ्यांना सांगत होतो, आधी ही खरमाती उचला, ट्रॅक्टरनं ओढ्यात टाका, लोकांच्या पायात येईल.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं माणसं बसली. तात्याबांनी मला विचारलं, "टेकू कवा काढलं?" मी म्हणालो, "अठरा दिसांनी." त्यांनी विचारलं, "कुणी?" मी म्हणालो, "ज्योतिबानं."

एवढंच. यात एक शब्द खोटा नव्हता. या एकाच गोष्टीवर मी एकोणीस वर्षं झोपत आलो. मी तुझ्यावर आळ घातला नाही, मी फक्त विचारलेलं सांगितलं. पुढचं लोकांनी जुळवलं. टेकू लवकर काढले, गॅलरी कच्ची राहिली, ज्योतिबाचा हात वाईट. तू माझ्याकडं बघितलंस. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो. तू उठलास आणि गेलास. एक शब्द बोलला असतास तर गावानं मला तिथंच धरलं असतं. तू बोलला नाहीस, कारण तुझ्या बहिणीचा संसार माझ्या घरात होता.

त्यानंतर तुला कुणी घराच्या कामाला बोलावलं नाही. अकरा मजल्यांचं लोखंड बांधणारा माणूस आज गोठ्याच्या गव्हाणी बांधतो आणि शेळ्या राखतो. आणि मला? मला लोक पहिला दगड ठेवायला नेतात. दगड ठेवला की फेटा बांधतात. घरात पत्र्याची एक पेटी भरलीय फेट्यांनी.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. हे मी देवालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. वडूजनंतर मी जेवढ्या गॅलऱ्या टाकल्या, तासगावात, विट्यात, पलूसला, त्या सगळ्यांत लोखंड वरच्या अंगाला ठेवलं. खाली दगडाचे तुकडे लावून, तू लावले होतेस तसे. स्लॅबच्या सकाळी मी स्वतः वाकून बघायचो, वर आहे ना. माझी एकही गॅलरी पुन्हा पडली नाही ती माझ्या हाताला यश होतं म्हणून नाही. तुझं शास्त्र मी चोरलं, तुझं नाव बुडवलं आणि त्याच शास्त्रावर माझं नाव काढलं. भाऊसो ज्या हाताला यश म्हणतात तो हात हा.

मी काल बोटीत त्या काचेच्या इमारतींना नावं ठेवत होतो, गवंड्याचं नाव पुसतात म्हणून त्या म्हातारीला खिंडीत गाठत होतो. तिनं निदान चुकलं म्हणून टोपी मागं सारली. मी कुणाकडं बघून नाक मुरडत होतो रे? थुंकायचंच तर आरशात बघून थुंकावं, आणि इथं आरशाला तोटा नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी तुझ्या आक्काला सगळं सांगितलं. प्रियदर्शनी आणि पृथ्वीराज बाजाराला गेले होते. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून समोर बसली आणि माझ्याकडं बघितलं. मी दोन महिने या देशाकडं ज्या नजरेनं बघतोय त्याच नजरेनं.

मग म्हणाली, "एकुणीस वर्सं मी भाऊबीजेला त्येला ओवाळती. ओवाळताना त्येच्या हाताकडं बघत न्हवती. मला वाटायचं, ह्या हातानं अंबूबाई अधू केल्या. त्येला कळत हुतं मी बघत न्हाई त्ये. तरी दर वर्साला तबकात ओवाळणी घालताना त्यो हात म्होरं करायचा."

मी म्हणालो, "मंगल, चुकलो."

"मला नगा सांगू. वडूजात सांगा. आन् तोंडानं जमत न्हसंल तर लिवा. तुमचं बोलणं तुमी फिरवता, लिवल्यालं फिरवता येत न्हाई."

असं म्हणून तिनं वही आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. चहा दिला नाही. दुपार झाली, अजून दिलेला नाही.

तर ज्योतिबा, तुझ्या निरोपाचं उत्तर हे. शिवतेजच्या घराचा पहिला दगड मी ठेवणार नाही. तो तू ठेवायचा. आम्ही पाच ऑक्टोबरला निघतोय, दसऱ्याआधी पोचतो. मुंबईहून मी तासगावला न जाता सरळ वडूजला येईन. आधी तात्याबांकडं, अंबूबाईंच्या पुढ्यात बसून सांगेन की त्यांचं हाड माझ्या पायानं मोडलं, तुझ्या हातानं नाही. त्या मला काठी मारतील तर मारू देत, मध्ये पडू नकोस. मग भाऊसोंकडं. त्यांना हे पत्र आधी वाचायला दे, म्हणजे मला दारात पाणी विचारायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवता येईल. प्रियदर्शनीच्या ऑफिसातले कराडचे एक गृहस्थ बुधवारी निघतायत, त्यांच्याकडं हे पाकीट देतोय. ते स्वतः तुझ्या घरी आणून देतील.

तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही. तेवढी लाज शिल्लक आहे. तू बोलू नकोस. भिंतीआडून ऐकायची मला सवय आहे, समोर गप्प बसलास तर तेही ऐकेन. फक्त दगड तू ठेव. सगळ्या गावाच्या देखत ठेव, आणि ठेवताना हात लपवू नकोस. फेटा तुला बांधायचा. माझ्या पेटीतला नको, नवा आणायला शिवतेजला सांग.

त्याच्या घराला गॅलरी काढणार असाल तर जरूर काढा. चार फूट काढा, पाच काढा. लोखंड तू बांध. स्लॅबच्या सकाळी मी जाळीवर चढणार नाही. खाली उभा राहून घमेली देईन. गुडघे दुखतात, पण अजून दिवसाला शंभरेक घमेली उचलवतील.

पत्राच्या वर सवयीनं तुला आशीर्वाद लिहून बसलो. ते द्यायचा मला अधिकार नाही, पण खोडाखोड करत नाही, तुझ्या आक्कानं लिहिलेलं फिरवू नका म्हणून बजावलंय. एकोणीस वर्षं पत्राखाली 'तुझा दाजी' म्हणून सही करायचं राहून गेलं होतं. तीही आज करत नाही, कारण त्या नात्याच्या जोरावरच मी तुला गप्प बसवलं.

तुला, आणि तुझ्या हातांना, नमस्कार.

दसऱ्यापासून तुझा बिगारी,
नाथाजी